वेल्श आत्मचरित्रांतला ‘मी’ कसा वाचावा: नव्या वाचकांसाठी मार्गदर्शन

वेल्सच्या लेखकांनी इंग्रजीत लिहिलेली आत्मचरित्रं मानसशास्त्राच्या अंगाने वाचायची ठरवली की नवा वाचक बहुतेक वेळा आधी फ्रॉइड आणि एरिक्सन वाचून काढतो, मग पुस्तकात त्यांची उदाहरणं शोधत बसतो. उदाहरणं मिळतातही, कारण शोधायला बसलेल्याला ती मिळणारच. पण अशा वाचनात लेखक हातातून निसटतो. इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी पानावरचा ‘मी’ नीट बघायचा. तो कुठे नाव बदलतो, कुठे ‘मी’ म्हणायचंच टाळतो, कुठे एकदम गप्प होतो, याच्या नोंदी करायच्या. सिद्धांत शेवटी घ्यायचा, तोही एकच. अडीचशे-तीनशे पानांच्या पुस्तकाला सहा आठवडे धरले तर काम घाई न होता होतं.

पुस्तक निवडणं

सुरुवात एकाच पुस्तकाने करा आणि ते तुमच्या प्रश्नाला धरून निवडा. नाव आणि भाषा बदलल्यावर माणसाचं काय होतं, हा प्रश्न असेल तर एम्लिन विल्यम्सचं ‘जॉर्ज’ (१९६१) घ्या. घरातली भांडणं आणि वारसा यांत रस असेल तर लॉर्ना सेजचं ‘बॅड ब्लड’ (२०००), वर्ण आणि मुळांचा शोध हा विषय असेल तर शार्लट विल्यम्सचं ‘शुगर अँड स्लेट’ (२००२). आजार आणि जाणीव यांच्यासाठी मार्गियाद एव्हान्सचं ‘अ रे ऑफ डार्कनेस’ (१९५२) याला तोड नाही. खाणकामगाराचं जगणं हवं असेल तर बी. एल. कूम्सचं ‘दीज पुअर हँड्स’ (१९३९) आहेच.

पैसे खर्च न करता सुरुवात करायची असेल तर डब्ल्यू. एच. डेव्हिसचं ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ सुपर-ट्रॅम्प’ (१९०८) बरं. लेखक १९४० मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे हे पुस्तक इथे सगळ्यांना मोकळं आहे. मात्र जॉर्ज बर्नार्ड शॉची प्रस्तावना पहिल्या वाचनात वगळा. शॉने रंगवलेला भटका कवी आधी मनात बसला की डेव्हिसचा स्वतःचा, बराच सावध आवाज ऐकू येत नाही.

कवी डिलन टॉमसच्या बालपणाच्या कथांनी सुरुवात करू नका, असं आम्ही नव्या वाचकांना आवर्जून सांगतो. त्या कथा आहेत, आत्मचरित्र नव्हे. फिलिप लेज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये ‘आत्मचरित्राचा करार’ ही कल्पना मांडली: मुखपृष्ठावरचं नाव, निवेदकाचं नाव आणि गोष्टीतल्या माणसाचं नाव एकच असेल तर वाचक त्या लेखनाकडे खरं म्हणून बघतो. हा करार कुठे पाळला आहे आणि कुठे वाकवला आहे हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. तो होईपर्यंत करार स्पष्ट असलेलंच पुस्तक घ्या.

वेल्सबद्दल आधी किती माहिती हवी

चार गोष्टी पुरतात, पण त्या नसतील तर वाचन हमखास घसरतं.

पहिली गोष्ट भाषेची. १९०१ च्या जनगणनेत वेल्समधले जवळपास निम्मे लोक वेल्श बोलत होते. १९५१ मध्ये हे प्रमाण २८.९ टक्क्यांवर आलं. म्हणजे या पुस्तकांचे बरेचसे लेखक भाषा सुटत चाललेल्या घरांत वाढले. ग्विन टॉमस ऱ्हाँडा खोऱ्यातल्या बारा भावंडांतला धाकटा. त्याच्या घरात थोरली भावंडं वेल्श बोलत आणि धाकटी इंग्रजी. डिलन टॉमसचे आईवडील वेल्श बोलणारे, मुलगा मात्र इंग्रजीतच वाढला. इंग्रजीत आत्मचरित्र लिहिणारा वेल्श माणूस कितीदा तरी अशा भाषेत आपलं बालपण सांगत असतो, जी त्याच्या आजीला नीट येत नव्हती.

दुसरी गोष्ट चॅपेलची. अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांच्या प्रार्थनाघरांना चॅपेल म्हणतात. मेथडिस्टांमध्ये ‘सेयात’ नावाची बैठक भरत असे. तिथे सभासद आपल्या मनाची, श्रद्धेची, ढळलेल्या मनाचीही हकीगत सगळ्यांसमोर सांगत. अशा बैठका कशा चालवाव्यात यावर विल्यम विल्यम्स पांतीकेलिन यांनी १७७७ मध्ये पुस्तकच लिहिलं. मनोविश्लेषण जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, स्वतःचं मन लोकांसमोर उलगडून तपासायची सवय या समाजाला होती. आत्मचरित्र वाचताना हे ध्यानात ठेवा: समोर ऐकणारी मंडळी बसली आहेत असं समजून लिहिणारे लेखक इथे पुष्कळ भेटतात. पण ही किल्ली सगळ्या कुलपांना लावू नका. कवी आर. एस. टॉमस अँग्लिकन धर्मगुरू होता, कवी डॅनी अॅब्से कार्डिफच्या ज्यू कुटुंबातला.

तिसरी गोष्ट कोळशाची. १९१३ मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणींचं उत्पादन शिखरावर होतं. १९२६ चा संप आणि टाळेबंदी, त्यापुढची मंदी आणि स्थलांतर यांनी ती खोरी रिकामी केली. तिथल्या आत्मचरित्रांत ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त येतो तो याच मातीतून. चौथी गोष्ट वेल्स-इंग्लंड सीमेची. हेरेफर्डशर, मॉनमथशर, फ्लिंटशर या पट्ट्यातले लेखक स्वतःला इकडचे की तिकडचे मानतात हे प्रत्येक पुस्तकात नव्याने बघावं लागतं. मार्गियाद एव्हान्स तर वेल्श असल्याचं नाकारून आपण सीमेच्या आहोत असं सांगायच्या.

माणसांचे तपशील पडताळायला ‘डिक्शनरी ऑफ वेल्श बायोग्राफी’ हा कोश इंटरनेटवर फुकट आहे. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची जुनी वृत्तपत्रंही फुकट शोधता येतील अशी ठेवली आहेत. जनगणनेचे १९२१ पर्यंतचे कागद खुले आहेत, १९३१ चे मात्र आगीत जळाले. त्या वर्षाच्या मागे लागून वेळ घालवू नका.

दोन वाचनं आणि वही

पहिलं वाचन सलग करा, हातात पेन्सिल न घेता. संपल्यावर पुस्तक मिटून, आठवणारे पाच प्रसंग लिहून काढा. पुढे हे पाच प्रसंग उपयोगी पडतात: लेखकाने कशावर भर दिला आणि तुम्ही कशाला चिकटलात, यातला फरक त्यांतून दिसतो.

दुसऱ्या वाचनाला वहीच्या जोड-पानावर पाच रकाने आखा. पहिला रकाना नाव आणि सर्वनाम यांचा: लेखक स्वतःला काय म्हणतो, आणि ते कधी बदलतो. दुसरा भाषेचा: वेल्श शब्द कुठे येतात, कोणाच्या तोंडी येतात, त्यांचा अर्थ सांगितला जातो की नाही. तिसरा बघणाऱ्यांचा: ‘मी’ला त्या प्रसंगात कोण पाहतंय, आई, मास्तर, गाव, की कोणीच नाही. चौथा काळाचा: त्या वेळी काय माहीत होतं आणि लिहिताना काय माहीत आहे. पाचवा गाळलेल्या गोष्टींचा. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक हवाच. शंभर पानांमागे तीस-चाळीस नोंदी झाल्या म्हणजे वाचन बरोबर चाललंय. दीडशे होत असतील तर तुम्ही सारांश लिहीत आहात.

नवख्यांचा चौथा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. कारण सरळ आहे: चांगला गद्यलेखक दोन्ही काळ इतके बेमालूम सांधतो की सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी पन्नाशीतल्या माणसाची समज आलेली कळतच नाही. यावर उपाय असा की, बालपणाच्या प्रत्येक प्रसंगातली विशेषणं तेवढी अधोरेखित करा. विशेषणं बहुधा मोठ्या माणसाची असतात.

सर्वनाम: आर. एस. टॉमसचं एक पान

हा भाग सावकाश करा, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

आर. एस. टॉमस १९१३ मध्ये कार्डिफमध्ये जन्मला आणि हॉलीहेड बंदरात वाढला. वडील जहाजावर. तो वेल्श मोठेपणी शिकला. कविता इंग्रजीत लिहिल्या, पण १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं ते वेल्शमध्ये, आणि सगळं तृतीयपुरुषी. शीर्षक ‘नेब’, म्हणजे ‘कोणीही नाही’. तीन वर्षांनी ‘द एकोज रिटर्न स्लो’ हे इंग्रजी पुस्तक आलं. त्यात एका बाजूला गद्याचा छोटा तुकडा आणि समोर कविता, अशी जोडी आहे. गद्यात तो स्वतःबद्दल बहुतेक ‘तो’ म्हणूनच बोलतो. कवितेत कधी ‘मी’ पुढे येतो, कधी येत नाही.

असं एक जोड-पान घ्या. आधी गद्य तीनदा वाचा आणि फक्त क्रियापदं लिहून काढा. त्यांतली किती ‘तो’ स्वतः करतो आणि किती त्याच्या बाबतीत घडतात, ते मोजा. मग कवितेचं तसंच करा. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. गद्यातल्या ‘तो’वर जे बेतलं त्याची जबाबदारी कवितेतला आवाज घेतो का, की तो आणखी दूर सरकतो? आई, देव, तो धर्मगुरू होता त्या मॅनाफॉन गावचे शेतकरी असे विषय बदलतील तसं उत्तर बदलेल, आणि नेमकं ते बदलणंच तुम्हाला टिपायचं आहे.

इथे होणारी चूक ठरलेली आहे. ‘तो’ दिसला की वाचक लगेच ‘स्वतःपासून तुटलेला माणूस’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. पण तृतीयपुरुषाची कारणं अनेक असू शकतात: धर्मगुरूची नम्रता, स्वतःला न्यायाधीशासारखं बाहेरून तपासणं, भावनेपासून अंतर, किंवा सगळं एकत्र. पानावरचा पुरावा कोणत्या कारणाकडे झुकतो ते दाखवलंत तरच ते वाचन झालं.

मग दुसऱ्या टोकाचं उदाहरण घ्या. जॉर्ज एम्लिन विल्यम्स फ्लिंटशरच्या वेल्श बोलणाऱ्या घरातला मुलगा, कुक नावाच्या शिक्षिकेच्या आधाराने ऑक्सफर्डला गेला, तिथे मनाने कोलमडला, पुढे नट आणि नाटककार म्हणून नावारूपाला आला. त्याने आयुष्य दोन पुस्तकांत वाटलं: ‘जॉर्ज’ आणि १९७३ चं ‘एम्लिन’. पहिल्याचं नाव घरच्या मुलाचं, दुसऱ्याचं रंगभूमीवरच्या माणसाचं. मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉटने १९६० मध्ये मांडलेली ‘खरा स्व’ आणि ‘खोटा स्व’ ही जोडी इथे चपखल बसेल असं वाटतं: जॉर्ज खरा, एम्लिन मुखवटा. थांबा आणि वहीतला तिसरा रकाना उघडा. लहानग्या जॉर्जलाही गोष्टींचं, नाटक-सिनेमाचं वेड आहे. दुसऱ्याच्या सोंगात शिरण्यातच त्याला मोकळं वाटतं. विनिकॉटचा खोटा स्व दुसऱ्यांच्या अपेक्षा पुरवण्यासाठी उभा राहतो आणि आतून पोकळ वाटतो. इथे सोंग हेच जिवंतपणाचं ठिकाण आहे. सिद्धांत आणि पुस्तक जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेच तुमच्या निबंधाचा मुद्दा सापडतो.

गाळलेलं कसं वाचायचं

मौनावर लिहिणं मोहाचं आणि धोक्याचं. न सांगितलेल्या गोष्टी अनंत असतात. म्हणून तीन अटी लावा. एक, ती गोष्ट लेखकाच्या आयुष्यात होती हे दुसऱ्या भरवशाच्या ठिकाणाहून कळलेलं हवं. दोन, पुस्तकात ती यायला हवी होती अशी जागा दाखवता आली पाहिजे. तीन, त्या जागी गद्यात काहीतरी बदल दिसला पाहिजे: विषय तुटणं, एकदम विनोद, कर्मणी वाक्यं, दुसऱ्याच कोणाचं लांबलचक चित्र.

रीस डेव्हिसच्या ‘प्रिंट ऑफ अ हेअर्स फुट’ (१९६९) मध्ये तिन्ही अटी पुऱ्या होतात. ऱ्हाँडातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा समलिंगी होता. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या पुरुषांचे खासगीतले संबंध गुन्हा राहिले नाहीत. पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी आलं, तरी लेखक ही गोष्ट उघड सांगत नाही. मात्र कापडं, शरीरं, रंग, इतर माणसांचे विक्षिप्त छंद यांवर त्याची नजर रेंगाळते. ‘मी’ला काय हवं आहे हे ‘मी’ काय बघतो यातून कळतं. याला फसवणूक म्हणू नका. आयुष्यभर कायद्याच्या धाकात राहिलेल्या माणसाने शोधलेली ही सांगण्याची रीत आहे आणि तिचा मान राखूनच ती वाचायला हवी.

ग्विन टॉमसच्या ‘अ फ्यू सिलेक्टेड एग्झिट्स’ (१९६८) मध्ये गाळण्याचं काम विनोद करतो. सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. पुस्तकात मृत्यू आणि दारिद्र्य यांच्या जवळ गेलं की वाक्यं फुगतात, उपमांची आतषबाजी सुरू होते. फ्रॉइडच्या १९२७ च्या विनोदावरच्या छोट्या निबंधात म्हटल्याप्रमाणे विनोद माणसाला दुःखापासून वाचवू शकतो. पण टॉमस व्यावसायिक विनोदी लेखक होता हेही विसरू नका. प्रत्येक कोटीमागे जखम शोधलीत तर त्याच्या कारागिरीवर अन्याय होईल.

आठवणींशी व्यवहार

पहिली आठवण नेहमी वेगळी काढून वाचा. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते पुढच्या आयुष्याच्या गरजेप्रमाणे घडत जातं. फ्रॉइडने १८९९ मध्ये ‘पडदा-आठवणीं’बद्दल, म्हणजे दुसरं काहीतरी झाकणाऱ्या आठवणींबद्दल लिहिलं, मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की आठवणं म्हणजे पुन्हा रचणं. जॅन मॉरिसचं ‘कनन्ड्रम’ (१९७४) तीन-चार वर्षांच्या मुलाने आईच्या पियानोखाली बसून स्वतःबद्दल ओळखलेल्या एका गोष्टीने सुरू होतं: आपण चुकीच्या शरीरात जन्मलो, खरं तर मुलगी असायला हवं होतं. ‘हे खरंच तेव्हा कळलं होतं का?’ हा प्रश्न तुम्हाला कुठेच नेत नाही. ‘ही आठवण पहिल्या पानावर ठेवल्याने पुढच्या आयुष्याला कोणता आकार मिळतो?’ हा विचारा.

मार्गियाद एव्हान्स यांच्या बाबतीत तर एकाच माणसाची दोन पुस्तकं समोर ठेवता येतात. ‘ऑटोबायोग्राफी’ (१९४३) मध्ये एकांत, माती, झाडं आणि त्यांत विरघळणारा ‘मी’ आहे. १९५० मध्ये त्यांना अपस्माराचा पहिला मोठा झटका आला आणि ‘अ रे ऑफ डार्कनेस’ मध्ये त्या मागे वळून जाणिवेतल्या जुन्या छोट्या फटी पुन्हा तपासतात. आधीच्या पुस्तकातल्या विरघळण्याच्या जागा काढा आणि नंतरच्या पुस्तकात त्यांना काय अर्थ मिळतो ते बघा. निदान कळल्यावर माणूस आपला भूतकाळ कसा नव्याने लिहितो, हे इतक्या जवळून फार थोड्या ठिकाणी दिसतं. मात्र पहिलं पुस्तक आजाराचं लक्षण म्हणून वाचू नका. ते लिहिताना त्या बाईंना हे माहीत नव्हतं.

आता सिद्धांत

वही भरली की तीन उतारे निवडा, प्रत्येकी तीनशे ते पाचशे शब्दांचे. तिन्हींत पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट कोणती, तिला धरून एक सिद्धांत घ्या. आयुष्याच्या टप्प्यांवर, तारुण्यातल्या ओळखीच्या पेचावर सगळा भर असेल तर एरिक्सन. वाईटातून चांगलं निघालं किंवा चांगलं नासलं, अशा वळणांवर गोष्ट उभी असेल तर मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअॅडम्स. ‘मी’ कायम दुसऱ्या माणसांतून घडत असेल, जसा ‘बॅड ब्लड’ मध्ये आजोबांच्या डायरीतून आणि आजीच्या वैरातून घडतो, तर आत्मचरित्राचा अभ्यासक पॉल जॉन ईकिनची नात्यांतून घडणाऱ्या स्वची मांडणी. कूम्ससारख्या ‘आम्ही’ म्हणणाऱ्या लेखकाला एकट्या व्यक्तीवर बेतलेले सिद्धांत अपुरे पडतात. तिथे आधी कामाच्या, शरीराच्या आणि सोबत्यांच्या नोंदी बघा.

गोरॉन्वी रीसचं ‘अ बंडल ऑफ सेन्सेशन्स’ (१९६०) दुसरं-तिसरं पुस्तक म्हणून जरूर घ्या. अॅबरिस्टविथच्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा सरळ म्हणतो की आपल्याला अखंड व्यक्तिमत्त्व असल्याचं कधी जाणवलंच नाही. शीर्षकातली ‘संवेदनांची मोळी’ ही कल्पना तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमची आहे. तत्त्वज्ञ गेलन स्ट्रॉसनने २००४ मध्ये, सगळी माणसं आयुष्य गोष्टीसारखं जगत नाहीत, असा युक्तिवाद केला. तो इथे नेमका लागू पडतो. पण रीस सोव्हिएत हेर गाय बर्जेसचा मित्र होता, आणि १९५६ मध्ये बर्जेसबद्दलचे निनावी लेख छापून आल्यावर रीसला प्राचार्यपद सोडावं लागलं. सलग ‘मी’ नाकारणं ही प्रामाणिक जाणीव असेल, कालच्या माणसाचा हिशेब आजच्या माणसाने देऊ नये म्हणून केलेली तजवीजही असेल. दोन्ही शक्यता शेवटपर्यंत उघड्या ठेवा.

अर्नेस्ट जोन्सचं ‘फ्री असोसिएशन्स’ (१९५९) वेगळ्या कारणासाठी वाचावं. स्वान्सीजवळच्या गावातला हा डॉक्टर फ्रॉइडचा चरित्रकार झाला, ब्रिटनमधल्या मनोविश्लेषणाचा पाया त्याने घातला. आत्मचरित्र अपुरं राहिलं आणि मरणोत्तर निघालं. दुसऱ्यांची नेणीव तपासणारा माणूस स्वतःबद्दल किती नेटकं, आवरून लिहितो ते बघितलं की सिद्धांत माहीत असणं आणि स्वतःला उघडं करणं यांतलं अंतर कळतं.

निदान करू नका

हा नियम एका उदाहरणाने पक्का होतो, आणि ते महाराष्ट्राच्या जवळचं आहे. खाणखोऱ्यातला कवी अॅलन लुईस दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर भारतात आला, नीरेच्या छावणीत राहिला, पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून होता. ‘द मराठा घाट्स’ आणि ‘इन हॉस्पिटल: पूना’ या त्याच्या कविता त्याच काळातल्या. मार्च १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानच्या आघाडीवर स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीने तो गेला. लष्करी चौकशीने अपघात म्हटलं, अनेक वाचकांना ती आत्महत्या वाटते. त्याची भारतातली पत्रं वाचताना शेवट आधीच माहीत असल्यामुळे प्रत्येक खिन्न ओळ पुरावा वाटायला लागते. पण पत्र लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो. म्हणून पत्रं तारखेप्रमाणे वाचा, एका पत्राची नोंद पुरी झाल्याशिवाय पुढचं उघडू नका, आणि खिन्न ओळींइतक्याच आनंदाच्या ओळीही उतरवून घ्या.

लिहायला बसताना

पहिला निबंध अडीच हजार शब्दांच्या पुढे नेऊ नका. पहिल्या परिच्छेदात पुस्तक, उतारे आणि प्रश्न. लेखकाचं चरित्र दोनशे शब्दांत आटपा. निम्म्याहून जास्त जागा तीन उताऱ्यांना द्या, सिद्धांताला पाचशे शब्द भरपूर झाले. कच्चा मसुदा झाला की ‘नेणीव’, ‘आघात’, ‘अस्मिता’ हे शब्द शोधा आणि ते काढून वाक्य उभं राहतं का पाहा. उभं राहिलं तर शब्द नको होता. लेखकाबद्दलच्या प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक आहे का तपासा. जिथे नाही, तिथे ते विधान लेखकाबद्दल आहे की पानावरच्या ‘मी’बद्दल, हे स्वतःला विचारा आणि वाक्याचा कर्ता त्याप्रमाणे बदला.